मैनाबाईंची आंघोळ

प्रेमला भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई धीराची असणार. धीराची कसली! घरात पाल दिसली की शेजारच्या तीन घरांना कळायचं. संध्याकाळी वीज गेली की ती शिलाईचं मशीन तसंच सोडून अंगणात येऊन बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "आत उकडतंय हो." डिसेंबरातसुद्धा तिला उकडायचं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वडगाव शेरी पुण्यात धरायची की नाही, यावर तेव्हा बसचा कंडक्टरही वाद घालायचा. नगर रस्ता सोडून आत वळलं की बाजरीची रानं लागायची, मग एक विहीर, मग आमचं चर्च, आणि चर्चच्या पाठीमागं कौलारू घरांची चाळ. नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली कॅथलिक माणसं तिथं राहायची. प्रेमला लोणी काळभोरहून लग्न होऊन या चाळीत आली. नवरा शांतवन कारखान्यात जायचा, ही घरी बसून ब्लाऊज शिवायची. आणि भिंतीला भिंत लागून राहायच्या मैनाबाई.

मैनाबाईंना मूलबाळ नव्हतं, नवरा फार आधी गेलेला. त्यांचं काम एकच, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आसपास कुठंही बाईमाणसाचं मयत झालं की तिला शेवटची आंघोळ मैनाबाई घालायच्या. निरोप आधी त्यांना जायचा, मग फादरना. "फादर आत्म्याचं बघतील, बाकीचं कुणी बघायचं?" असं म्हणून त्या पदर खोचायच्या आणि निघायच्या. पुलाखाली सापडलेली भिकारीण असो, सासरच्यांनी हात लावायला नकार दिलेली बाळंतीण असो, चर्चच्या पायरीवर बसून सगळ्यांना शिव्या देणारी वेडी सगुणा असो, मैनाबाईंना सगळ्या सारख्या. पैसे घ्यायच्या नाहीत. चहासुद्धा काम झाल्यावर, आणि तोही "साखर घालून द्या, मयताचं घर हाय म्हणून फिका नगं" असं बजावून.

त्यांची रीत वेगळी होती. मागच्या दारी चूल पेटवायची, पाणी तापवायचं, आणि डाव्या हाताचा कोपर पाण्यात बुडवून बघायचा, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसा. त्या डावऱ्या होत्या. त्यांनी मारलेली गाठसुद्धा उलटी बसायची, दुसऱ्याला सुटता सुटायची नाही. एकदा शांतवननं विचारलं होतं, "मावशी, मेलेल्याला काय कळतंय पाणी गार का गरम?"

"त्याला नाय कळत, ठावं हाय मला," मैनाबाई म्हणाल्या. "पण मला कळतं ना!"

आत दुसऱ्या कुणाला येऊ द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, दोघी असल्या की गप्पा होतात, आणि गप्पा झाल्या की मेलेलीला वाटतं, आपल्याला वगळलं. मग दार लावून स्वतःच तिच्याशी बोलत बसायच्या. "अहो, हात सोडा की जरा सैल. आता कुठं भांडी घासायची राहिलीत?" बाहेर बसलेल्यांना रडू आवरून हसू यायचं. आणि शेवटी, डोळ्यात साबण गेलेल्या पोराला म्हणावं तसं, "झालंच हं... झालंच."

प्रेमलाची आई तिच्याकडेच वारली. त्या दिवशी प्रेमला अंगणाच्या फाटकाशी उभी होती, दाराच्या आत पाऊल टाकायची हिंमत होत नव्हती. पोटची पोर असून आईच्या अंगावर पाण्याचा एक तांब्या घालू शकले नाही, याची तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. मैनाबाई हात पुसत बाहेर आल्या आणि तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाणी कोमट होतं गं. आणि दात घासून दिले हो तिचे, मिशरीनं पार काळं केलतं त्वांड." तेव्हा कुठं प्रेमला हसली, आणि हसता हसता धाय मोकलून रडली. त्या दिवसापासून तिचा मैनाबाईंवर जीव जडला.

म्हणूनच तिच्या तोंडून शब्द गेला. नाताळच्या करंज्या करायला बसल्या होत्या दोघी. मैनाबाई करंजीची कड दुमडता दुमडता म्हणाल्या, "प्रेमला, मी गेले की मला तूच आंघोळ घालायची."

"हो मावशी."

"तोंडात करंजी हाय म्हणून हो म्हणतीस."

"नाही मावशी, खरंच. शप्पथ."

"बघ हं. आन पाणी कोमट." मैनाबाई हसल्या आणि दुसरी करंजी तिच्या हातावर ठेवली. झालं! शब्द दिला, करंजी खाल्ली. तोंड गोड असताना माणूस कशालाही हो म्हणतं.

पुढच्या ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी, उद्या सर्व संतांचा सण म्हणून चाळीतल्या बाया चर्चसाठी झेंडूच्या माळा ओवत होत्या. मैनाबाईही ओवत होत्या. ओवता ओवता भिंतीला टेकल्या, त्या टेकल्याच. सुई बोटात तशीच होती.

रडारड झाली, माणसं जमली. महिला मंडळाच्या अध्यक्षा विजयमालाबाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, शिवाजीनगरात वाढलेल्या. बोलणं लहान, पण शिलाईच्या सुईसारखं लागणारं. त्यांनी मैनाबाईंच्या पायांना हात लावून नमस्कार केला, डोळे पुसले, आणि लगेच कामाला लागल्या.

"आंघोळीचं मी बघते," त्या म्हणाल्या.

"मी घालणार आहे," प्रेमला म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हणाली, "मी शब्द दिलाय मावशींना."

विजयमालाबाईंनी तिच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. "तू? मयताच्या घरी तू फाटकापाशी उभी राहून चपला राखतेस, प्रेमला."

"तरी मी घालणार."

"बरं. मी फादरना भेटून शवपेटीचं बघून येते. तोवर झालं तर झालं. नाहीतर मी आहेच."

हे 'मी आहेच' प्रेमलाला फार लागलं. आणि खरं सांगायचं तर, बरंही वाटलं.

पुढच्या अंगणात बाया बसल्या होत्या, ओसरीवर पुरुषमंडळी होती. पण मागच्या दारी कुणी यायचं नाही ही मैनाबाईंची रीत सगळ्यांना माहीत होती, म्हणून मधलं दार लावून घेतलं आणि मागच्या बाजूला प्रेमला एकटी उरली. ती, पेटलेली चूल, वर हंडा, आणि समोर मागच्या खोलीचं उघडं दार. खोलीत लाकडी फळीवर मैनाबाई. अंगावर चादर. उशाशी ट्रंकेतून काढून ठेवलेली पांढरी साडी, जपमाळ, साबण, टॉवेल.

दिवेलागणीची वेळ झाली आणि वीज गेली. वडगाव शेरीत ती रोजच जायची, पण आज प्रेमलाला वाटलं, हिलाही हाच मुहूर्त सापडला!

तिनं मेणबत्ती लावून आत फळीशेजारी ठेवली आणि पळतच बाहेर आली. पाणी तापलं. बादलीत ओतून विसण घातलं, डावा कोपर बुडवून बघितला. कोमट. तेवढं मात्र बरोब्बर जमलं. बादली उचलून उंबऱ्यापर्यंत नेली. चादरीतून मैनाबाईंचं एक पाऊल बाहेर आलं होतं. मेणबत्तीची ज्योत हलली की पावलाची सावली भिंतीवर हलायची. प्रेमलानं बादली उंबऱ्याबाहेर टेकवली आणि मागं सरली. पुन्हा पुढं गेली. पुन्हा मागं. पाय ऐकेनात. पलीकडच्या बाजरीत रातकिडे सुरू झाले होते, ते एकदम थांबले. चुलीतलं लाकूड फुटलं तरी तिनं दचकून क्रूसाची खूण केली.

"मावशी, मला नाही हो जमत," ती पुटपुटली आणि चुलीपाशी मटकन बसली.

विजयमालाबाई येतील. त्या घालतील आंघोळ, चांगली घालतील. पण मैनाबाईंनी आयुष्यभर ज्यांना कुणी नाही त्यांना हात लावला, आणि स्वतःच्या वेळेला मागितला तो एकच हात. तोही नाही मिळणार. पाणी इकडं गार होत चाललंय. प्रेमलाला स्वतःचा इतका संताप आला की तिनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि प्रार्थनेला लागली. पण कुणाची करायची? संत अंतोन हरवलेल्या वस्तूंचे. संत ज्यूड अडलेल्या कामाचे, पण ते पुरुषमाणूस. बाईच्या आंघोळीला त्यांना कसं बोलवायचं? मोठमोठ्या संतांची अशी एकेक नावं तिनं मनात घेतली आणि सोडून दिली. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली,

"मैनामावशींनी ज्यांना ज्यांना आंघोळ घातली, त्यांच्यातलं कुणीतरी या गं बायांनो. मला भीती वाटतीय. कुणीतरी या."

आता सांगा, असं कुणी बोलावतं का? तेही सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, मयताच्या दारात बसून! पण भित्र्या माणसाला भीतीच्या भरात आपण काय बोलतो ते कळत नाही. तिला फक्त मदत हवी होती.

तिनं डोळे उघडले. उंबऱ्यापाशी बादली नव्हती.

जिथं बादली होती तिथं ओला गोल उमटला होता. आणि मघाशी सताड उघडं असलेलं दार लावलेलं होतं. दाराच्या फटीतून मेणबत्तीचा उजेड येत होता, आणि त्या उजेडाला आडवं कुणीतरी गेलं. मग आणखी कुणीतरी...

आत तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज झाला. पाणी पडलं. सावकाश, बेतानं, आधी पायांवर घालतात तसं.

प्रेमलाच्या अंगावर सरसरून काटा आला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पळायचं म्हटलं तर पाय चुलीच्या राखेत रुतल्यासारखे. आतून कुजबुज येत होती. शब्द धड कळत नव्हते, तुकडे तुकडे कानावर येत होते.

"...मान धरा गं जरा..."

"...हळू..."

"...कोमट हाय का?"

"...हाय. बरोबर हाय..."

कुणीतरी भरड्या आवाजात एक सणसणीत शिवी हासडली, अगदी लाडात. ती शिवी प्रेमलाच्या ओळखीची होती. चर्चच्या पायरीवरच्या वेड्या सगुणाची. सगुणा जाऊन चार पावसाळे झाले होते. मग एक बारीक, शाळकरी हसू आलं आणि कुणीतरी 'श्शू' केलं. शिकेकाईचा वास आला, ओल्या केसांचा वास आला. आणि त्या सगळ्या वासांच्या मागून एक वास हळूच, दबकत आला. भाजलेल्या मिशरीचा.

पाठोपाठ कुणीतरी घसा खाकरला. एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा. प्रेमला जन्मल्यापासून ते खाकरणं ऐकत आली होती. रोज पहाटे, मिशरी लावून झाली की.

"आई...?" प्रेमला म्हणाली.

आतलं सगळं थांबलं. पाणीसुद्धा. थेंब पडल्याचा आवाज येईना. प्रेमलाला भीती वाटत होती, नाही असं नाही, अजून वाटत होती. पण त्या भीतीच्या आत, तापानं फणफणून अंथरुणात पडलेलं असावं आणि स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजाव्यात, तसं काहीतरी तिला वाटायला लागलं. ती रडायला लागली, पण ते रडणं घाबरलेलं नव्हतं.

मग आतून आवाज आला. एका बाईचा नव्हे. म्हाताऱ्या, तरण्या, घोगऱ्या, गोड, सगळ्या एकदम, मऊ आवाजात, समजूत घालत होत्या.

"झालंच हं... झालंच."

दार आपोआप चार बोटं उघडलं.

आत जायला प्रेमलाला किती वेळ लागला ते तिलाही माहीत नाही. पण ती गेली, एवढं खरं. खोलीत कुणी नव्हतं. मेणबत्ती शांत जळत होती. बादली रिकामी करून कोपऱ्यात पालथी घातली होती, मैनाबाई काम झालं की घालायच्या तशी. टॉवेल पिळून दोरीवर टाकला होता. पण जमीन कोरडी होती. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर पाण्याचा एक थेंब नव्हता. प्रेमलानं हात फिरवून बघितला.

फळीवर मैनाबाई होत्या. चोपून नेसवलेली पांढरी साडी, हातात गुंफलेली जपमाळ, चेहरा असा स्वच्छ की आत्ता उठून साखरेचा चहा मागतील. आणि आयुष्यभर ज्या बाईनं पाठीमागं सुपारीएवढा अंबाडा घातला, तिच्या पांढऱ्या विरळ केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या. एक घट्ट, एक सैल. दोन्ही वर दुमडून लाल रिबिनींची फुलं बांधलेली.

तेवढ्यात वीज आली आणि पाठोपाठ विजयमालाबाई आल्या. दारातच थबकल्या. मैनाबाईंच्या साडीकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं.

"प्रेमला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो हलला, "मी चुकले तुझ्या बाबतीत. इतकं छान मलासुद्धा जमलं नसतं."

"मी नाही केलं."

"मग काय भुतांनी केलं?"

प्रेमला काय सांगणार? मग विजयमालाबाईंची नजर वेण्यांवर गेली. "हे काय गं? सत्तरीची बाई, आणि रिबिनी? उद्या सगळा गाव येणार. सोड त्या."

"बाई, मी नाही हो बांधल्या."

"बरं, तू नाही बांधल्यास. पण सोड."

मधलं दार उघडलं तशा पुढच्या बाया आत आल्या. एकीनं विचारलं, "प्रेमला, आत कोण कोण होतं गं तुझ्या मदतीला? चांगल्या सात-आठ जणींचं बोलणं येत होतं." प्रेमलानं रिबिनीचं टोक धरलं. तेवढ्यात गर्दीतून सोजरबाई पुढं आल्या. येरवड्याहून निरोप मिळताच निघालेल्या, काठी टेकत, धापा टाकत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हात लावू नगा."

त्यांनी वाकून रिबिनीचं टोक डोळ्यांजवळ नेलं. प्रेमलानंही तेव्हाच नीट बघितलं. रोज शिवणारी बाई ती, तिच्या लक्षात आलं: लाल रिबिनीचं टोक पिवळ्या दोऱ्यानं दुमडून शिवलेलं होतं.

"ह्या माझ्या शालूच्या," सोजरबाई म्हणाल्या. "टोकं उसवायची म्हणून मीच शिवल्या. लाल दोरा नव्हता घरात."

शालू ही सोजरबाईंची मुलगी. अकरा वर्षांची असताना काविळीनं गेली, त्याला वीस-बावीस वर्षं झाली होती. तिला आंघोळ मैनाबाईंनीच घातली होती. वेण्या घालून त्याच रिबिनी बांधल्या होत्या, पोर शाळेला निघाल्यासारखी दिसू दे म्हणून. रिबिनी तिच्याबरोबरच मातीत गेल्या होत्या. सोजरबाईंनी स्वतः बघितल्या होत्या.

एकीनं हळूच क्रूसाची खूण केली, मग सगळ्यांनी केली. सोजरबाई मात्र त्या दोन वेण्यांकडं बघतच राहिल्या, एका घट्ट, एका सैल. आणि बघता बघता त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत असताना.

"जिवंत होती तवर तिला वेणी घालता येत नव्हती हो. रोज माझ्यामागं भुणभुण, आई घाल, आई घाल. बघा," त्या म्हणाल्या, "शिकली की पोर."

विजयमालाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "राहू द्या रिबिनी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सणाची मिस्सा झाली, दुपारी दफन. मिस्सेत फादर प्रवचनाला उभे राहिले, पण कागद खिशातून काढलाच नाही. म्हणाले, "आजचा सण ज्यांचं नाव कॅलेंडरात नाही त्यांचा. त्यांची चित्रं नाहीत, पुतळे नाहीत. आपल्याला भेटले, आपलं काहीतरी करून गेले, आणि आपण चहा पाजून विसरलो. आज त्यांची नावं तुम्ही घ्या." आणि चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी आत्याचं नाव घेतलं, कुणी कारखान्यातल्या मुकादमाचं, एका म्हाताऱ्यानं चक्क आपल्या सासूचं, आणि त्याची बायको त्याच्याकडं बघतच राहिली. प्रत्येक नावाला सगळे म्हणत होते, "आमच्यासाठी विनंती कर." मैनाबाईंचं नाव आलं तेव्हा आवाज कौलांना भिडला. प्रेमलानं आपल्या आईचं नाव घेतलं. आणि मग, घाबरत घाबरत, वेड्या सगुणाचं.

मैनाबाईंना रिबिनींसकट पुरलं.

आता गंमत ऐका. प्रेमला ज्याला त्याला सांगत सुटली, "मी घातली नाही हो आंघोळ, मी बाहेरच बसले होते." रिबिनी पाहिलेल्या बायाही म्हणायच्या, "मदतीला कुणी का येईना, पाणी तर तूच तापवलंस!" लोकांचं एकदा ठरलं की ठरलं. "बघा, कसलाही मोठेपणा नाही पोरीला!" असं म्हणून त्यांनी तिला आणखी डोक्यावर घेतलं. चाळीत ठरून गेलं: मैनाबाईंच्या मागं आता प्रेमला. आगीतून फुफाट्यात! तिनं शांतवनला सांगितलं, मला जमायचं नाही. तो म्हणाला, "तू नाही म्हणालीस तरी कोण ऐकणारय? हात चांगला आहे तुझा, असं म्हणतात सगळे."

आणि नाताळच्या आधी निरोप आलाच. सिस्टरांच्या वृद्धाश्रमातली एक म्हातारी गेली होती. नाव आनंदीबाई, पण त्या नावाच्या वाटेला ती बाई कधी गेली नव्हती. नातेवाईक नाही, भेटायला कुणी नाही. हसली कधी नाही, आभार कधी मानले नाहीत. सिस्टर दार ओढून घेऊन गेली आणि प्रेमला तिच्याबरोबर एकटी राहिली. बाहेर ऊन कलत होतं.

तिचे हात लटलट कापत होते. पण यावेळी ती पळाली नाही. डावा कोपर पाण्यात बुडवला. कोमट. पहिला तांब्या पायांवर घातला. आवाज फुटेना, तरी बोलली. "आनंदीबाई... मी प्रेमला. मला भीती वाटतीय, सांभाळून घ्या हं." मग साबण लावला, मान धरली, हात धुतले. बोलता बोलता कापरं कमी झालं. आनंदीबाईंच्या कपाळावरची आठी पाण्यानं जरा सैल पडल्यासारखी दिसली, तशी प्रेमलाला हसूसुद्धा आलं. "अहो, आता कुणावर रागवायचं राहिलंय?" ती म्हणाली, आणि आपण कुणासारखं बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

वाकून पाठ धुताना तिचा अंबाडा सुटला. केस डोळ्यांवर आले, पाण्यात लोंबायला लागले. दोन्ही हात साबणाचे. मानेनं झटके देऊन बघितलं, जमेना.

मग तिच्या पाठीमागं मिशरीचा वास आला.

कुणीतरी तिचे केस गोळा केले. गार, ओली बोटं कपाळावरून मागं फिरली, कानामागच्या बटा ओढून घेतल्या. तीन पेड झाले. प्रेमला जागच्या जागी ताठ उभी राहिली. वळून बघायचं नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं बघितलं नाही. लहानपणी शाळेत जायच्या आधी आईसमोर उभी राहायची तशी उभी राहिली. टोकाला हिसका बसला, गाठ पडली, आणि पाठीवर हलकेच एक थाप पडली. चल, लाग कामाला.

"झालंच हं आनंदीबाई," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण कापत नव्हता. "झालंच."

घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. शांतवन दारातच बसला होता. ती चपला काढायला वाकली तशी वेणी पुढं आली, आणि तो हसायला लागला.

"काय गं, शाळेत नाव घातलंस की काय? लाल रिबीन!"

प्रेमलानं वेणी हातात घेतली. रिबीन लाल होती. ओली होती, तिला मातीचा वास येत होता. टोक पिवळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"थांब, सोडतो," शांतवन म्हणाला आणि गाठीशी झटापट करू लागला. दिवा जवळ घेऊन, नखं लावून, त्यानं बराच वेळ खटपट केली. "छे! ही कुणी मारलीय गाठ?" तो म्हणाला. "उलटी बसलीय. सुटतच नाही."